अमेरिकेची ट्रिपल क्राउन मालिका : अवघड आहे, पण न्याय्य आहे का?

घोड्यांच्या शर्यतींच्या जगात अमेरिकेच्या ट्रिपल क्राउनइतकी कठोर मालिका क्वचितच सापडेल. केंटकी डर्बी, प्रीकनेस स्टेक्स आणि बेलमाँट स्टेक्स या तीन शर्यती पाच आठवड्यांच्या अवधीत एकाच घोड्याने जिंकायच्या, आणि तेही वयाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या संधीत, अशी तिची अट आहे. १९१९ मध्ये सर बार्टनने तिन्ही शर्यती जिंकल्या तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या शंभराहून अधिक वर्षांत ही अट केवळ १३ घोड्यांनी पुरी केली. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर डर्बी पाहून ज्यांना या खेळाची गोडी लागली आहे, त्यांनी ही मालिका पाहावी का, पाहताना कशाकडे लक्ष द्यावे आणि ‘हा अन्याय आहे’ अशी जी तक्रार तिच्याविषयी दर काही वर्षांनी होते तिच्यात कितपत तथ्य आहे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. मालिकेचा अवघडपणा रास्त आहे आणि तो कमी करू नये. तिच्यातला खरा अन्याय दुसऱ्याच ठिकाणी आहे आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही.

प्रथम मालिकेची रचना. पहिली शर्यत केंटकी डर्बी. ती मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुईव्हिल शहरातील चर्चिल डाउन्स या मैदानावर होते. अंतर सव्वा मैल, म्हणजे साधारण २,०१२ मीटर, आणि धावणारे घोडे २० पर्यंत. दोन आठवड्यांनी बाल्टिमोरच्या पिमलिको मैदानाची प्रीकनेस असते. तिचे अंतर साडेनऊ फर्लांग, म्हणजे सुमारे १,९११ मीटर, तिन्हींत सर्वांत कमी. त्यानंतर तीन आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर दीड मैलाची, म्हणजे सुमारे २,४१४ मीटरची बेलमाँट स्टेक्स. बेलमाँट पार्कचा मुख्य मार्गच दीड मैलाचा असल्यामुळे ही शर्यत म्हणजे त्याची एक पूर्ण फेरी असते. तिन्ही शर्यती मातीच्या मार्गावर होतात, आणि तिन्हींत नर घोड्यांना १२६ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो, तर घोड्यांपेक्षा पाच पौंड कमी असे १२१ पौंड वजन घोडींना वाहावे लागते. चांगल्या घोड्याला जादा वजन देऊन बरोबरीवर आणणारा हँडिकॅपचा प्रकार येथे नाही. ही गोष्ट न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण दोन शर्यती जिंकून आलेल्या घोड्यावर तिसऱ्या शर्यतीत एक ग्रॅमचाही बोजा वाढत नाही.

मग अवघड काय आहे? आजचा चांगला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या खास जातीचा, घोडा एका मोठ्या शर्यतीनंतर चार ते सहा आठवडे विश्रांती घेऊनच पुढच्या शर्यतीला उतरतो. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील घोडा वर्षाला सरासरी अकराच्या आसपास शर्यती धावत असे. आता ती सरासरी सहाच्या आसपास आली आहे. घोड्यांची पैदास वेगासाठी होते, तग धरण्यासाठी कमी होते, आणि उत्तम नर घोड्याची खरी कमाई मैदानावर नसून पुढे स्टड फार्मवर असल्यामुळे मालक त्याला फार धावडवायला तयार नसतात. अशा घोड्याला पाच आठवड्यांत तीनदा पराकोटीचा जोर लावायला सांगितले जाते, आणि शेवटचे अंतर असे असते की ते बहुतेक घोडे त्यापूर्वी कधी धावलेले नसतात आणि पुढेही कधी धावत नाहीत. डर्बीत गर्दीतून वाट काढण्याची हुशारी लागते, प्रीकनेसमध्ये न सावरलेल्या शरीराने पुन्हा वेग द्यावा लागतो आणि बेलमाँटमध्ये जॉकीला घड्याळ डोक्यात ठेवून घोड्याचा दम वाचवावा लागतो. एकाच घोड्यात हे तिन्ही गुण असणे दुर्मीळ आहे. माझ्या दृष्टीने मालिकेचे मोल यातच आहे.

१९७८ मध्ये अफर्म्डने ट्रिपल क्राउन, म्हणजे हा तिहेरी मुकुट, जिंकला आणि त्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे ३७ वर्षे, तो कोणालाच मिळाला नाही. या काळात १३ घोड्यांनी पहिल्या दोन शर्यती जिंकल्या. त्यांपैकी २०१२ चा आय’ल हॅव अनदर पायाच्या दुखापतीमुळे बेलमाँटच्या आदल्या दिवशी मागे घ्यावा लागला. उरलेले बारा धावले आणि हरले. ‘अन्याय’ हा शब्द मालिकेला चिकटला तो याच काळात, आणि तो सर्वांत मोठ्याने उच्चारला गेला २०१४ मध्ये. कॅलिफोर्निया क्रोम हा अगदी साध्या वंशावळीचा घोडा डर्बी आणि प्रीकनेस जिंकून आला होता. बेलमाँटमध्ये सुटतानाच शेजारच्या घोड्याचा पाय त्याच्या पुढच्या उजव्या टाचेवर पडला, तरीही तो धावला आणि चौथ्या क्रमांकावर बरोबरीत आला. जिंकला टोनलिस्ट, जो डर्बीतही नव्हता आणि प्रीकनेसमध्येही नव्हता. क्रोमचे एक मालक स्टीव्ह कोबर्न यांनी शर्यत संपताच दूरचित्रवाणीवर संताप व्यक्त केला. जे घोडे पहिल्या दोन शर्यती टाळून ताजेतवाने तिसऱ्या शर्यतीला येतात, त्यांच्या मालकांनी पळवाट काढली आहे, तिन्ही शर्यतींत तेच घोडे असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांनी शब्दांबद्दल माफी मागितली. पण मुद्दा राहिला, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही.

तो तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्या बारा बेलमाँट शर्यती कोणी जिंकल्या ते पाहणे. १९७९ मध्ये स्पेक्टॅक्युलर बिडला हरवणारा कोस्टल, १९८१ मध्ये प्लेझंट कॉलनीला हरवणारा समिंग, २००२ मध्ये वॉर एम्ब्लेमच्या वर्षी जिंकलेला सारावा, २००८ मध्ये बिग ब्राउनच्या वर्षी जिंकलेला डा’तारा आणि २०१४ चा टोनलिस्ट हे पाचही पहिल्या दोन्ही शर्यतींत नव्हते. लेमन ड्रॉप किड, एम्पायर मेकर आणि बर्डस्टोन हे तिघे डर्बी धावले, पण प्रीकनेस त्यांनी टाळली. १९९७ चा टच गोल्ड डर्बीत नव्हता, प्रीकनेस मात्र धावला होता. तिन्ही शर्यती धावून मुकुट हिसकावून घेणारे तिघेच : १९८७ मध्ये बेट ट्वाइस, १९८९ मध्ये ईझी गोअर आणि १९९८ मध्ये व्हिक्टरी गॅलप. म्हणजे बारांपैकी नऊ वेळा मुकुटाच्या दारात उभ्या असलेल्या घोड्याला त्याच्यापेक्षा कमी थकलेल्या घोड्याने हरवले. विश्रांतीचा फायदा होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. कोबर्न यांची वस्तुस्थिती बरोबर होती.

त्यांनी सुचवलेला उपाय मात्र चुकीचा होता, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. जे पहिल्या दोन्ही शर्यती धावले त्यांनाच बेलमाँटमध्ये प्रवेश, असा नियम २०१४ मध्ये असता, तर त्या दिवशी अकराऐवजी तीन घोडे मैदानात दिसले असते : क्रोम, राइड ऑन कर्लिन आणि जनरल अ रॉड. २०१५ मध्ये तर तिन्ही शर्यती धावलेला घोडा एकच होता, अमेरिकन फेरो. त्याला रिकाम्या मैदानावर एकट्याने फेरी मारून मुकुट मिळाला असता. प्रत्यक्षात तो सात प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध उभा राहिला. त्यांपैकी पाच घोडे डर्बीनंतर पाच आठवडे विश्रांती घेऊन आले होते. तो सुरुवातीपासून पुढे राहिला आणि घोड्याच्या साडेपाच लांबीने जिंकला. त्या विजयाला जे वजन आहे, ते विश्रांती घेतलेले घोडे समोर होते म्हणूनच आहे. जॉकी व्हिक्टर एस्पिनोझा यांनी याआधी वॉर एम्ब्लेम आणि कॅलिफोर्निया क्रोम या दोघांवर बसून हाच मुकुट गमावला होता, हेही येथे ध्यानात घ्यावे.

मुळात या तीन शर्यती म्हणजे ठरावीक स्पर्धकांचे साखळी सामने नाहीत. प्रत्येक शर्यत स्वतंत्र आहे, तिचे बक्षीस स्वतंत्र आहे, आणि बेलमाँट तर तिघींत सर्वांत जुनी, १८६७ पासूनची आहे. प्रीकनेस १८७३ मध्ये आणि केंटकी डर्बी १८७५ मध्ये सुरू झाली. ज्या मालकाचा घोडा लांब पल्ल्याचा आहे आणि मे महिन्यात तयार झालेला नाही, त्याने फक्त बेलमाँटची तयारी केली तर त्यात गैर काही नाही. दुसऱ्या कोणाचा घोडा इतिहास घडवण्याच्या बेतात आहे म्हणून आपला घोडा घरी ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. तिन्ही शर्यती एकत्र जोडून पाहणारा प्रश्न फक्त एका घोड्यापुरता असतो : जो कोणी समोर येईल त्याला तीनही वेळा हरवशील का? हा प्रश्न विषम आहे, पण तो सर्वांना आधीपासून माहीत असतो आणि प्रत्येक वर्षीच्या प्रत्येक घोड्यापुढे तोच असतो. माझ्या समजुतीप्रमाणे न्यायाला एवढे पुरेसे आहे.

दुसरा उपाय म्हणून शर्यतींमधले अंतर वाढवण्याची मागणी वारंवार होते : प्रीकनेस डर्बीनंतर चार आठवड्यांनी घ्यावी आणि बेलमाँट जुलैकडे सरकवावी. याला विरोध करणारे परंपरेचा दाखला देतात, आणि तो दाखला ते समजतात तितका भक्कम नाही. सर बार्टनच्या वेळी डर्बी आणि प्रीकनेस यांच्यात अवघे चार दिवस होते आणि बेलमाँट दीड मैलापेक्षा एक फर्लांग कमी होती. विशेष म्हणजे डर्बी जिंकण्यापूर्वी त्याने एकही शर्यत जिंकलेली नव्हती. १९३० मध्ये गॅलंट फॉक्सने मुकुट जिंकला तेव्हा प्रीकनेस डर्बीच्या आधी झाली होती. १९४८ च्या सायटेशनला प्रीकनेस आणि बेलमाँट यांच्यात चार आठवडे मिळाले. तरी त्याने त्या मधल्या काळात न्यू जर्सीत आणखी एक शर्यत धावून जिंकली. आजचे दोन आणि तीन आठवड्यांचे ठरीव वेळापत्रक १९६९ पासून स्थिरावले आहे. २०२० मध्ये साथीमुळे क्रमच उलटला : नऊ फर्लांगांपुरती आखूड केलेली बेलमाँट जूनमध्ये, डर्बी सप्टेंबरमध्ये आणि प्रीकनेस ऑक्टोबरमध्ये झाली.

तेव्हा ‘पूर्वापार असेच आहे’ हे कारण मी पुढे करणार नाही. माझे कारण निराळे आहे. सेक्रेटेरिएट, सिॲटल स्लू, अफर्म्ड, अमेरिकन फेरो आणि जस्टिफाय या शेवटच्या पाचही विजेत्यांनी हेच पाच आठवडे सोसले, आणि म्हणून १९७३ च्या घोड्याची २०१५ च्या घोड्याशी तुलना करता येते. अंतर वाढवले तर घोड्यांची सोय होईल, तिन्ही शर्यतींत मोठी नावे येण्याची शक्यताही वाढेल, पण त्यानंतरचा विजेता आधीच्यांच्या पंक्तीत बसवताना मनात किंतु राहील. शिवाय अंतर वाढल्याने थकलेल्या घोड्याला जशी उसंत मिळते, तशी ती त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनाही मिळते. वीस घोड्यांच्या डर्बीत नवव्या क्रमांकावर आलेला घोडाही मग दोन्ही शर्यतींना हजर राहील. मुकुट सोपा होईलच याची खात्री नाही.

ज्याची मला खरोखर काळजी वाटते ती गोष्ट निराळी आहे : डर्बीचा विजेताच आता प्रीकनेस टाळू लागला आहे. २०२२ मध्ये ८० ला १ भावाच्या रिच स्ट्राइकने डर्बी जिंकली आणि पिमलिकोकडे पाठ फिरवली. २०२५ मध्ये सॉव्हरेन्टीने जर्नलिझमला हरवून डर्बी जिंकली, प्रीकनेस टाळली, ती जर्नलिझमने जिंकली आणि बेलमाँटमध्ये सॉव्हरेन्टीने जर्नलिझमला पुन्हा हरवले. प्रशिक्षक बिल मॉट यांनी घोड्याच्या हिताचा विचार केला आणि निकालाने त्यांना दुजोरा दिला. घोड्याच्या बाजूने पाहता हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण पहाटे उठून ही मालिका पाहणाऱ्याच्या पदरी दोन आठवड्यांतच निराशा पडते, कारण डर्बीचा विजेता प्रीकनेसला नसला की मुकुटाची कथा तिथेच संपते.

मालकांना तिन्ही शर्यतींकडे ओढण्याचा एक प्रयोग पूर्वी झाला आहे. १९८५ मध्ये स्पेंड अ बक डर्बी जिंकल्यावर न्यू जर्सीतील २० लाख डॉलरच्या बोनससाठी प्रीकनेस सोडून गेला, तेव्हा तिन्ही रेसकोर्स जागे झाले आणि त्यांनी तिन्ही शर्यतींत मिळून उत्तम कामगिरी करणाऱ्या घोड्याला १० लाख डॉलर देण्याची योजना आणली. १९८७ मध्ये ती रक्कम दोन शर्यती जिंकलेल्या अलिशेबाला न मिळता एक जिंकून दोनदा दुसरा आलेल्या बेट ट्वाइसला गुणांवर मिळाली. १९९३ मध्ये तर प्रेअरी बायू बेलमाँटमध्ये पाय मोडून कामी आला आणि बोनस सी हीरोच्या मालकांना देण्यात आला. मृत्यूच्या सावलीतले ते बक्षीस कोणालाच रुचले नाही आणि गुणांची ही पद्धत लवकरच बंद झाली. गुणांनी क्रमवारी ठरते. मुकुटाचा निर्णय गुणांवर सोपवता येत नाही, हे या अनुभवाने दाखवले.

आपल्याकडच्या वाचकाला तुलनेसाठी इंग्लंडची आणि भारताची मालिका उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज, एप्समची डर्बी आणि डाँकस्टरची सेंट लेजर असा क्रम आहे. मे ते सप्टेंबर एवढा प्रशस्त अवधी आहे, आणि तरीही १९७० च्या निजिन्स्कीनंतर हा मुकुट कोणी जिंकलेला नाही. २०१२ मध्ये कॅमलॉट तिसऱ्या शर्यतीत पाऊण लांबीने हरला. शर्यतींमधले अंतर वाढवले की मुकुट सोपा होतो, या कल्पनेला हे सरळ उत्तर आहे. भारतीय मालिका इंग्लंडच्या नमुन्यावर बेतलेली आहे : डिसेंबरमध्ये महालक्ष्मीवर १,६०० मीटरची इंडियन टू थाउजंड गिनीज, फेब्रुवारीत तेथेच २,४०० मीटरची इंडियन डर्बी आणि सप्टेंबरमध्ये पुण्याला २,८०० मीटरची इंडियन सेंट लेजर. येथे अडचण दमाची कमी आणि टिकण्याची जास्त असते, कारण डर्बी आणि सेंट लेजर यांच्यात मुंबईचा हंगाम संपतो, उन्हाळा जातो, पावसाळ्यातला पुण्याचा हंगाम सुरू होतो आणि एवढा काळ घोड्याचे पाय व भूक दोन्ही शाबूत राहावी लागतात. एकोणीसपैकी अठरा शर्यती जिंकणाऱ्या स्क्वाँडररने हे साधले, आणि म्हणून जुन्या जाणत्यांच्या तोंडी त्याचे नाव आजही आदराने येते. अमेरिकेतला घोडा पाच आठवड्यांत मोडतो किंवा घडतो. आपल्याकडचा नऊ-दहा महिने तावून सुलाखून निघतो.

आता खऱ्या अन्यायाकडे वळतो. पहिला केंटकी डर्बीच्या गेटचा, म्हणजे जिथून घोडे सुटतात त्या खणांच्या रांगेचा. तीन वर्षांची वीस घोडी-घोडे एका ओळीत उभे करून सोडणे हे अमेरिकेत इतर कोणत्याही मोठ्या शर्यतीत होत नाही. कोणत्या घोड्याला कोणता क्रमांक, हे सोडतीने ठरते. अगदी आतल्या कठड्यालगतच्या पहिल्या क्रमांकावरून १९८६ मध्ये फर्डिनंड जिंकला; त्यानंतर कित्येक दशके तेथून कोणी जिंकलेले नाही, कारण बाहेरचे एकोणीस घोडे आत सरकताना त्या घोड्याला जागाच उरत नाही. पूर्वी चौदा खणांच्या गेटला सहा खणांचे दुसरे गेट जोडत. २०२० मध्ये वीस खणांचे एकसंध गेट आले आणि परिस्थिती थोडी सुधारली. तरी सोडतीत वाईट क्रमांक आलेला उत्तम घोडा पहिल्या शंभर मीटरांत शर्यत गमावू शकतो, आणि पहिली शर्यत गमावली की मुकुट गेला. संख्या चौदावर आणली तर कमी पैसा येईल, पण निकालावर विश्वास वाढेल. प्रीकनेसला चौदाचीच मर्यादा आहे आणि ती शर्यत त्यामुळे कमी रंगतदार होत नाही.

दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर, प्रश्न औषधांचा आहे. २०२१ च्या डर्बीत पहिला आलेला मेडिना स्पिरिट बीटामेथासोन या औषधाच्या अंशामुळे बाद ठरला. पण तो निर्णय जाहीर व्हायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला आणि तोपर्यंत तो घोडा सरावादरम्यान मरण पावला होता. विजेता म्हणून मँडलूनचे नाव नोंदवले गेले, परंतु मे महिन्यातल्या त्या शनिवारी त्याच्या गळ्यात विजेत्याची गुलाबांची चादर पडली नाही, आणि प्रीकनेसच्या वेळी मुकुटाचा दावेदार कोण, हेच अनिश्चित होते. त्याहून अवघड प्रकरण जस्टिफायचे. ७ एप्रिल २०१८ च्या सँटा अनिटा डर्बीनंतर घेतलेल्या नमुन्यात स्कोपोलामीन या औषधाचा अंश आढळला होता. केंटकी डर्बीत उतरण्यासाठी ती शर्यत त्याच्या दृष्टीने निर्णायक होती. डर्बी ५ मे रोजी झाली, मुकुट जूनमध्ये मिळाला, कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने खाद्यातून आलेल्या वनस्पतीमुळे हे घडले असे मानून प्रकरण बंद केले, आणि जनतेला हे सारे कळले सप्टेंबर २०१९ मध्ये, वृत्तपत्रातून. खाद्यातून अंश येऊ शकतो. ते स्पष्टीकरण खरे असू शकते. पण ज्यांनी बाकीच्या घोड्यांवर पैसा, श्रम आणि वर्षे खर्च केली त्यांना त्या वेळी ते सांगितले गेले नाही, ही गोष्ट मला कोणत्याही ताज्या घोड्यापेक्षा अधिक अन्यायाची वाटते. सहा शर्यतींत अपराजित राहिलेल्या एका विलक्षण घोड्याच्या नावामागे ही शंका कायमची लागली, आणि तो अन्याय त्या मुक्या जनावरावरही झाला.

सुधारणा होत आहेत. २०२१ पासून या शर्यतींत धावण्याच्या दिवशी लेसिक्स हे औषध देण्यास बंदी आली, आणि राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम बाजूला सारून देशभर एकच औषध-नियमावली २०२३ पासून नव्या राष्ट्रीय प्राधिकरणाने लागू केली. माझी अपेक्षा त्याहून नेमकी आहे : डर्बीच्या पात्रता शर्यतींचे नमुना-निकाल डर्बीच्या गेटची सोडत निघण्यापूर्वी पूर्ण आणि जाहीर झाले पाहिजेत. हे शक्य नसेल तर शेवटच्या पात्रता शर्यती आणखी आधी घ्याव्यात.

घोड्यांच्या जिवाविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक ठरणार नाही. २००६ चा डर्बी-विजेता बार्बारो प्रीकनेसमध्ये पाय मोडून घेऊन पुढच्या जानेवारीत गेला. २००८ मध्ये एट बेल्स ही घोडी डर्बीत दुसरी आली आणि रेषा ओलांडल्यावर काही क्षणांत पुढचे दोन्ही पाय मोडून कोसळली. २०२३ च्या वसंतात चर्चिल डाउन्सवर बारा घोडे दगावल्यानंतर तेथील शर्यती दुसऱ्या मैदानावर हलवाव्या लागल्या. ज्यांना हे पाहवत नाही त्यांनी ही मालिका पाहू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. याच मालिकेत १९९९ चे दृश्यही आहे : बेलमाँटच्या शेवटी करिझमॅटिकचा पाय मोडला, तेव्हा जॉकी ख्रिस अँटली खाली उतरले आणि मदत येईपर्यंत त्यांनी तो पाय हातात उचलून धरला. घोडा वाचला.

एक तात्पुरती त्रुटीही नोंदवतो. बेलमाँट पार्कची पुनर्बांधणी सुरू असल्यामुळे २०२४ आणि २०२५ ची बेलमाँट सॅराटोगा येथे झाली, आणि तेथील मार्गाच्या रचनेमुळे अंतर सव्वा मैलावर आणले गेले. मैदान सुंदर आहे, गर्दी जाणकार आहे, पण डर्बीइतक्याच अंतराची बेलमाँट ही मालिकेतली तिसरी परीक्षा राहत नाही. त्या काळात कोणी मुकुट जिंकला असता तर मी त्याचे अभिनंदन केले असते, मात्र सेक्रेटेरिएटच्या शेजारी त्याचे नाव लिहिताना अंतरही लिहिले असते.

नव्याने पाहू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना अशी. थेट प्रक्षेपण आपल्या वेळेप्रमाणे रविवारी पहाटे साडेचारच्या सुमारास असते आणि प्रत्यक्ष शर्यत दोन-अडीच मिनिटांची, तेव्हा आधीची तयारी केलेली बरी. १९७८ ची बेलमाँट सर्वप्रथम पाहावी : अठरा वर्षांचे स्टीव्ह कॉथन अफर्म्डवर, शेजारी अलिदार, आणि जवळजवळ अर्धी फेरी दोघांची खांद्याला खांदा लावून झुंज. अलिदार तिन्ही शर्यतींत दुसरा आला, आणि तिन्ही शर्यतींतला प्रतिस्पर्धी किती मोठा असू शकतो हे त्याच्याइतके कोणी दाखवलेले नाही. १९७३ च्या सेक्रेटेरिएटची ३१ लांबीची आघाडी आणि २ मिनिटे २४ सेकंदांचा विक्रम सर्वांना ठाऊक असतो; पाहताना त्या दिवशी पाचच घोडे धावले होते हेही लक्षात ठेवावे. त्यानंतर १९९८ ची बेलमाँट, जिथे रिअल क्वाएट नाकाच्या अंतराने मुकुट गमावतो. पुढच्या मे महिन्यात थेट पाहायला बसाल तेव्हा एका कागदावर बेलमाँटच्या घोड्यांसमोर ते डर्बी धावले का, प्रीकनेस धावले का, हे लिहून ठेवावे, आणि शेवटच्या वळणावर कोण कोणाच्या बाजूने येतो ते त्या कागदाशी ताडून पाहावे. त्यानंतर २०१५ ची शर्यत पुन्हा लावली, तर अमेरिकन फेरोच्या मागे पडत जाणारे ते पाच विश्रांती घेतलेले घोडे ओळखू येतात.